काचेचा दोरा

संक्रांत जवळ आली की जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत भाजल्या तिळांचा खमंग वास आणि मांजाच्या सरसाचा उग्र दर्प एकमेकांत मिसळतात, आणि पौषातलं तिरपं, कोवळं ऊन धान्याच्या दुकानांच्या पत्र्यांवरून हळूहळू सरकत दुपारपर्यंत सगळ्या गच्च्या व्यापून टाकतं. दोन खांबांमध्ये ताणलेल्या सुतावर कुणीतरी गुलाबी लुगदी फिरवत असतं. त्या लुगदीत कुटलेली काच असते, आणि बोटांना चिंध्या गुंडाळून हे काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पूजेला बसल्यासारखं गांभीर्य असतं. नायलॉनच्या मांजावर बंदी आल्यापासून या सुती मांजाला पुन्हा बरे दिवस आले आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे दिसेल त्या गोष्टीला विशेषण चिकटवायची मला खोड आहे. पण या वासाला आजवर एकही विशेषण नीट बसलेलं नाही. तो आमच्या गल्लीचा वास आहे, एवढंच म्हणता येतं.

यंदा त्या वासात माझा धाकटा भाऊ रामेश्वर सुटीवर आला. तो पायदळात हवालदार आहे. मुलीच्या शाळेसाठी त्याची बायको नव्या जालन्यात भाड्याच्या घरात राहते. पण संक्रांतीला रामेश्वरचा मुक्काम माझ्याच गच्चीवर, कारण पतंगाला लागतं तेवढं आभाळ त्या घराला नाही. दरवर्षी तो बूट काढण्याआधी पतंगांची चौकशी करतो. यंदा मात्र त्याने कठड्याला पाठ टेकून मांडीवर लॅपटॉप घेतला, त्याला दोन दांड्यांचा एक रिमोट जोडला, आणि डोक्यावर सबंध शहराचे पतंग झुंजत असताना हा गडी मान खाली घालून पडद्यावरच्या खोट्या टेकड्यांवरून खोटं ड्रोन उडवत बसला. मी चिडवलं, "मिशा पिकायला लागल्या आणि आता गेम खेळतोस होय रे?"

एरवी तो गडगडाटी हसला असता. या वेळी मान वर न करताच म्हणाला, "गेम न्हाई, अक्का. परीक्षा हाय. मागच्या बारीला पडलो मी."

माझा भाऊ पडला, हे वाक्यच मला नवं होतं. शाळेत तो यथातथाच होता, पण सैन्यात गेल्यापासून त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. नेमबाजीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून तर कित्येक वर्षं तो नव्या भरतीच्या पोरांना शिकवत होता. सैन्यात शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. मग तो कितीही लहान असो, समोरचा कितीही मोठा असो. रामेश्वरने शेकडो तोंडांतून ती हाक ऐकली होती. आता प्रत्येक पलटणीला ड्रोन चालवणारे आणि शिकवणारे हवेत, म्हणून त्याला पुन्हा विद्यार्थी करून पाठवलं, आणि तिथे त्याचा उस्ताद निघाला मिसरूड फुटलेला एक नाईक. हुद्द्याने खाली, वयाने तर भाच्याएवढा. त्याच्यापुढे सावधान उभं राहून रामेश्वर रोज सकाळी 'राम राम, उस्ताद' म्हणत होता.

आता एकच संधी उरली होती. पुन्हा पडला तर पलटणीत परत पाठवणी, आणि मग नायब सुभेदारीसाठी त्याचं नाव पुढे जाणं अवघड. बढती थांबली की हवालदाराची नोकरीही संपत येते, हे फौजी घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. "मंग काय," तो म्हणाला, "नव्या जालन्यात एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राह्यचं. खुर्ची देत्यात म्हणे." विनोद म्हणून बोलला, पण हसू कुणालाच आलं नाही.

त्या आठवड्यात भाकरी थापताना, तीळ निवडताना, मी त्याला खोदून खोदून विचारत राहिले. सांगण्यासारखं होतं तेवढंच त्याने सांगितलं, तरी माझ्या मनातलं युद्धाचं जुनं चित्र पार विस्कटून गेलं. त्याच्या उमेदीच्या काळात शिपायाला मातीशी एकरूप व्हायला शिकवत. छाती जमिनीला, हनुवटी गवताला, नजर समोरच्या झुडपावर. आता पहिला धडा आभाळाचा. खंदक खणला तरी तो उघडा ठेवून चालत नाही, त्यावर छप्पर लागतं, जाळी लागते. हिरव्या-मातकट कपड्यांनी डोळे फसतात, पण अंगाची ऊब ओळखणारं यंत्र फसत नाही, म्हणून ती ऊबसुद्धा झाकायची. कुठे मारा करायचा हे पूर्वी कुठल्याशा मोठ्या कचेरीतून ठरायचं, आता ते ठरवणारं ड्रोन पाठीवरच्या पिशवीत मावतं, आणि डोळे झाकून रायफल उघडणारे-जोडणारे हात आता बारीक तारांना कथिलाचा डाग देत, ड्रोनचे पंखे बदलत बसतात. मला या सगळ्याचं भय वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण खरं सांगायचं तर मी थक्क झाले होते. आम्ही प्राध्यापक मंडळी अभ्यासक्रमात एक धडा बदलला तर वर्षभर कुरकुरतो. इथे अर्धं आयुष्य एका विद्येत घालवलेली माणसं ती बाजूला ठेवून, आपल्याहून लहानाला उस्ताद म्हणून, पुन्हा मुळाक्षरं गिरवत होती. माझ्या भावाचा मला असा अभिमान त्याच्या पदकांच्या वेळीही वाटला नव्हता.

भोगीच्या दुपारी सलीमभाई वर आले. आमच्या समोरचं कापडाचं दुकान त्यांचं. रामेश्वर आणि ते लहानपणापासूनचे जोडीदार, एकाच्या हातात पतंग तर दुसऱ्याच्या हातात मांजाची चक्री. त्यांच्यादेखतच रामेश्वरने ती गोष्ट सांगितली, जी ऐकून मी हातातलं सूप खाली ठेवलं. हवेतून जाणारे संदेश शत्रू हवेतच अडवतो, ड्रोन आंधळं होऊन कोसळतं. म्हणून आता काही ड्रोनना दोरा लावतात. केसासारखा काचेचा तंतू, उडता उडता मागे सुटत जातो, आणि त्यातून प्रकाश वाहत येऊन तिकडचं चित्र इकडच्या पडद्यावर उमटवतो. जगातल्या इतक्या हुशार लोकांनी इतकी वर्षं डोकं चालवलं, आणि फिरून आले ते दोऱ्यावर! आमच्या मांजाला काच लावतात ती कापण्यासाठी. त्या दोऱ्यात काच असते ती पाहण्यासाठी. मी मनातल्या मनात हे वाक्य घोळवत होते, तोवर सलीमभाई गुडघ्यावर थाप मारून हसत सुटले.

"मतलब पतंगच हुई ना भाई! और तू फेल? जालने का छोकरा, दोरे में फेल? किसी को बोलना नक्को!"

रामेश्वरलाही हसू फुटलं. सलीमभाईंनी लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या हातात मांजा दिला. मग मी जे पाहिलं ते पाहण्यासाठी शेजारच्या गच्चीवरचे लोकही थांबले. लाल पतंग वाऱ्यावर असा चढला की जणू त्याला वाट ठाऊक होती. पलीकडून एक काळा पतंग अंगावर आला, पेच पडला. नवखा माणूस अशा वेळी घाबरून ओढतो. रामेश्वरने ढील दिली, सूत सरसर सुटू दिलं, वाऱ्याला त्याचं काम करू दिलं, आणि काळा पतंग डोलत डोलत मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या दिशेने निघून गेला. इतके दिवस मी समजत होते की रायफलीने राठ झालेले त्याचे अंगठे त्या नाजूक दांड्यांना जुमानत नसतील, वय आडवं येत असेल. पण ते हात तर तसेच होते, हलके, सावध, वाऱ्याचं ऐकणारे. त्यांच्यात काहीच बिघडलं नव्हतं.

"मग पडतोस कुठं तू?" मी विचारलं.

तो पतंगाकडेच बघत राहिला. तसाच म्हणाला, "उडवतो मी बराबर, अक्का. वळवतो, झाडातून काढतो, समदं करतो. शेवटच्या टायमाला बोट थांबतं. बारक्या उस्तादानं दोनदा पाह्यलं, पण कुणाला बोलला न्हाई."

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. रेंजवर एवढी वर्षं त्याने गोळ्या झाडल्या त्या दूरच्या लाकडी आकृतीवर, नखाएवढ्या दिसणाऱ्या. सीमेवर रात्रीअपरात्री झाडल्या त्या समोरच्या लखलखाटावर. चेहरा असा कधी दिसलाच नव्हता. इथे ड्रोन थेट लक्ष्यावर नेऊन आदळायचं, आणि लक्ष्य म्हणून एक पुतळा बसवलेला असतो. जुनी वर्दी घातलेला, पाठ टेकून, मान वर केलेला. "तो मोठा मोठा होत येतो पडद्यावर. वर बघून राह्यला असतो, अक्का. पुतळाच हाय, ठाऊक हाय मला. तरी वाटतं, ह्यो आता काही तरी बोलंल."

सलीमभाईंनी चक्री गुंडाळायला घेतली.

मी बहीण आहे. तो पास व्हावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं. वर्दी हा त्याचा श्वास आहे, आणि दोऱ्याच्या या टोकाला बसलेला माझा भाऊ मला त्या टोकाच्या खंदकात रायफल घेऊन उतरलेल्या भावापेक्षा हजार पटींनी सुरक्षित वाटत होता. आणि त्याच वेळी, त्याचं बोट थांबतं हे ऐकून, माझ्या आत कुठेतरी इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. दोन्ही खरं होतं. मी खाली जाऊन तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन आले, आणि आम्ही तिघं उन्हात बसून जेवलो.

तो गेला. जाण्याआधी सुटीचे उरलेले दिवस त्याने पतंग आणि लॅपटॉप दोन्ही उडवले.

होळीच्या सुमारास, कडुनिंबाची पिवळी पानं गच्चीभर उडत असताना, भर दुपारी त्याचा फोन आला. पास झाला होता. तुकडीत पहिला. दोरा बाभळीत गुंतला तेव्हा बाकीच्यांनी ओढून तोडला आणि याने ढील देऊन सोडवला, हे त्याने सांगताच मी सलीमभाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले. आता तोच नव्या पोरांना शिकवणार होता. पहिला आठवडा उडवणं नाही, वरून दिसायचं कसं नाही ते शिकवायचं, असं त्याने ठरवलं होतं. पोरं आधी जगली पाहिजेत, म्हणाला. त्याचा आवाज मोकळा, भरदार होता. सुभेदारसाहेब होणार म्हणून मी त्याला चिडवून घेतलं.

जे विचारायचं होतं ते माझ्या ओठांवर आलं आणि परत गेलं. मग त्यानेच म्हटलं, "थांबलं न्हाई ह्या बारीला."

"शाब्बास," मी म्हणाले, आणि ते मी खरोखर म्हणाले; त्यात काही आडपडदा नव्हता. मग बहिणींना सुचतं तेच सुचलं. "जेवलास का?"

"न्हाई. समदे मेसमध्ये गेल्ते, गोडधोड होतं. मला आज भूकच न्हाई लागली, अक्का."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, आणि त्याने घाईने फोन ठेवला. मी फोन हातात धरून उभी राहिले. अशा माणसाच्या हाताखाली ती पोरं हे नवं युद्ध शिकणार आहेत, याचं मला त्या उन्हात फार फार बरं वाटलं. आणि संध्याकाळी तरी तो जेवेल ना, ही काळजी स्वयंपाक करतानाही काही केल्या जाईना.