ओट्याची उंची

दुपारचं जेवण झालं की वृंदाला बसल्या जागी पेंग येते. आज तर बसायला खुर्चीसुद्धा नाही. साताऱ्यात शाहूपुरीच्या चढावर नुकताच विकत घेतलेला हा जुना फ्लॅट सध्या नुसता उकरून ठेवलाय. हॉलच्या भिंतीवर रंगांचे नमुने फासलेत, जुन्या फरशा निघाल्यात, आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी फक्त उघडी भिंत आहे. तिथं बसवायचा काळा दगड सकाळीच आला. वृंदानं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि भिजवलेल्या हळदीची वाटी खिडकीत तशीच ठेवली. जालिंदर मिस्त्री जेवून येतो म्हणून गेलेत, ते कसले लवकर येतात! ती हॉलमध्ये सतरंजी अंथरते, उशाला आईचा पाट घेते आणि आडवी होते.

हा पाट म्हणजे घरातलं एक माणूसच. वृंदाची आई ठेंगणी. वडील पाटबंधारे खात्यात, त्यामुळे धरण तिथं बिऱ्हाड आणि वसाहत तिथं घर. वसाहतीतले ओटे सगळे एका मापाचे, सरकारी, आणि ते माप आईचं कधीच नव्हतं. मग ती ओट्यासमोर पाट टाकायची आणि त्यावर उभी राहून स्वयंपाक करायची. बदलीच्या ट्रकमध्ये पाट सगळ्यांत शेवटी चढायचा आणि सगळ्यांत आधी उतरायचा. "आपलं घर झालं ना, की ओटा माझ्या मापाचा," असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची. आपलं घर काही झालं नाही. वृंदानं घेतलं तेव्हा आई हौसेनं रंग सुचवत होती, पण मार्गशीर्षात गेली आणि किल्ल्या हातात आल्या त्या माघात.

तेव्हापासून वृंदानं एकच हट्ट धरलाय. ओटा बुटका हवा. ती स्वतः वडिलांवर गेलेली, चांगली उंच. तिचा नवरा उदय म्हणाला, "अगं, आपण घर मांडतोय की भातुकली?" मिस्त्रींनी तर हातच जोडले. "वैनी, दगड एकदा बसला की बसला बघा. जल्मभर वाकून भाकरी थापाय लागंल. कंबरडं मोडंल." पण वृंदा ऐकेल तर शपथ! कारण मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगायला गेलं की आधी आई नाही हे म्हणावं लागतं, आणि ते अजून तिच्या तोंडातून निघत नाही.

पाट डोक्याखाली टोचतोय. भिंतीवरचा मोरपंखी नमुना जरासा खाली ओघळल्यासारखा वाटतो. वृंदा डोळे मिटते, उघडते, परत मिटते. आता त्या रंगापाशी कुणीतरी उभं आहे आणि नखानं तो खरवडून बघतंय.

"हा कुणी निवडला?" आई विचारते.

"तुझा आवडता ना."

"साडीला आवडायचा. भिंतीला कशाला नेसवतेस?"

वृंदाला नवल वाटत नाही. आई गेलेली आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि आलेल्या माणसाला पाणी विचारायचं असतं हेही ठाऊक आहे. ती पाणी विचारते. आई नको म्हणते, पिऊन आलेय म्हणते. फरशी नाही, नुसती माती आहे, तरी आईनं चपला दाराशी काढून ठेवल्यात. पदर कमरेला खोचून ती घर बघायला निघते.

"ही मोरी का?" म्हणत आई बाथरूमचं दार ढकलते, आणि पलीकडे वसाहतीचा व्हरांडा आहे. दोरीवर कपडे वाळतायत. बाबांची सायकल खांबाला टेकलीय. शेजारच्या घरातून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात आणि लसणाच्या फोडणीचा वास येतो. वृंदाच्या पायाला गार, ओली फरशी लागते. ती आईच्या मागून चालते, चालता चालता लहान होते. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत ओटा तिच्या हनुवटीशी आलाय.

आई पाट टाकते. तो तर आपल्या डोक्याखाली होता, असं वृंदाच्या मनात येतं, पण तिकडं कोण लक्ष देतंय! आई पाटावर चढते आणि तिलाही हात धरून वर घेते.

"बघ."

ओट्याच्या वर खिडकी आहे. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, पार डोंगरापर्यंत. एक होडी मध्येच उभी आहे.

"रोज हेच बघत पोळ्या लाटल्या मी," आई म्हणते.

"पण तू तर सारखी म्हणायचीस, ओटा माझ्या मापाचा हवा."

"म्हणायचे गं. तुझ्या बाबांना टोचायला काहीतरी नको का? पाटावरून उतरले की पुढं नुसती भिंत. बुटका ओटा मिळाला असता, तर जन्मभर भिंतच बघत बसले असते."

वृंदाला राग येतो. या ओट्यापायी तिनं किती रडून घेतलंय! आणि ही बाई इथं मजेत होडी बघत उभी. पण राग फार वेळ टिकत नाही, कारण आईच्या दंडाचा उबदार स्पर्श तिच्या दंडाला होतोय आणि तो खूप दिवसांनी होतोय.

होडी हलते. खिडकी तीच राहते, पण बाहेर आता समोरच्या बिल्डिंगची गच्ची आहे आणि खिडकीत हळदीची वाटी आहे. वृंदा परत उंच झालीय. भिंतीवर मिस्त्रींनी खडूनं मारलेली खूण आहे, खाली, वृंदाच्या मांडीशी.

"आणि हा ओटा कुणासाठी?" आई विचारते.

"तुझ्यासाठी."

"म्हणजे मेल्यावरसुद्धा मला पोळ्या लाटायला उभी करतेस होय?"

वृंदाला हसू फुटतं. हसता हसता ती रडायलाच लागते, तोंडावर हात धरून, लहानपणी रडायची तशी.

"ओटा माझ्या उंचीचा केला, तर तू येणार नाहीस," ती म्हणते.

आई पदरानं तिचं तोंड पुसते.

"मी तशीही येणार नाही, वृंदे. आणि तू वाकून वाकून पाठ धरून बसलीस, तर मला तिकडं बरं वाटेल का?" मग एकदम तिचा नेहमीचा आवाज येतो. "चल, सरळ उभी राहा. पोक काढू नकोस. कोपर वाकव."

वृंदा कोपर वाकवते. आई कोपराखाली आपली मूठ धरते, दुसऱ्या हाताचं बोट हळदीत बुडवते आणि मुठीच्या खाली भिंतीवर रेघ ओढते.

"इथं. आणि भिंतीला साधा पांढरा दे. उजेड राहील."

ती चपला घालते. दारात वळते.

"जाते गं."

आईनं घरातून निघताना हा शब्द कधीच उच्चारलेला नाही. भाजी आणायला निघाली तरी येते म्हणायची, आणि कुणी जाते म्हटलं तर त्याला उंबऱ्यातच थांबवून बोल बदलायला लावायची.

"येते म्हण," वृंदा म्हणते. "आई, येते म्हण ना."

आई हसते. तिच्या गालाला हात लावते.

"जाते," ती म्हणते, आणि जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहतो.

चपलांचा आवाज वर येतोय. वृंदा डोळे उघडते. पाटाची कड गालावर उमटलीय, आणि दारात जालिंदर मिस्त्री उभे आहेत.

"झोपला व्हता व्हय, वैनी? ऊन लई हाय." ते पिशवी खाली ठेवतात आणि हताश चेहऱ्यानं विचारतात, "मग? बुटकाच करायचा न्हवं?"

वृंदा उठून स्वयंपाकघरात जाते. भिंतीवर खडूची खूण खाली आहे तिथंच आहे. तिच्या बऱ्याच वर एक हळदीची रेघ आहे, अजून ओली. बारीक बोटाची. वृंदा आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघते. एकाही बोटाला हळद नाही. मग ती भिंतीशी सरळ उभी राहते, पोक न काढता, आणि कोपर वाकवते. रेघ कोपराच्या मूठभर खाली येते.

मिस्त्री टेप लावतात, वृंदाकडे बघतात, परत टेपकडे बघतात.

"ह्ये झाक झालं! माप कुणी घेतलं?"

"आईनं," वृंदा म्हणते.

"आल्या व्हत्या व्हय? मग थांबवायचं की. दगड बसल्याला बघून गेल्या असत्या."

वृंदा खिडकीतली वाटी उचलते. जे इतके दिवस निघत नव्हतं ते सरळ निघतं.

"ती गेली, मिस्त्री," ती म्हणते. "मार्गशीर्षात गेली. रेघ पुसू नका. रेघेवरच दगड बसवा."