सयाजीअण्णांनी केलेला शेवटचा कामण्णा

सयाजीअण्णा आमच्या शेजारचे. शिवाजीनगरच्या बाजारामागे त्यांची बांबूकामाची शेड होती. शिड्या, चिकाचे पडदे, कोंबड्यांची डालगी असलं सगळं तिथे होत असे. आपलं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळूरला आलं, असं ते सांगत. पुरावा विचारला तर म्हणत, "ही मिशी बघ की. इकडच्या पाण्यावर अशी उगवते का?"

होळीला आमच्या गल्लीचा कामण्णा, म्हणजे जाळायचा कामदेवाचा पुतळा, तेच करत. उन्हाळा लागला की तळ्याचं पाणी मागे सरे आणि काठाला रेतीची सपाट जागा मोकळी होई. तिथे दोन पुरुष उंचीचा कामण्णा उभा राही. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, पोटात वाळलेलं गवत. मी कामट्या धरायला जात असे, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. अण्णा कामण्णाला जावई म्हणत. "जावईबापू, पोट आत घ्या. सासरी येऊन फार सुटलंय," असं बोलत बोलत त्यांचे हात चालत. छातीच्या जागी ते न फोडलेल्या पेरांचे जाड बांबू घालत. आग लागली की पेरांतली हवा तापून ते धाडधाड फुटत. पहिलं पेर फुटलं की हलगी कडाडे आणि सगळे पुरुष तोंडावर हात मारून बोंब ठोकत. कामण्णा मेला, कामण्णा मेला. लोक त्या पहिल्या आवाजासाठीच थांबलेले असत.

त्याचे काही नेम होते. कामण्णाच्या अंगातला सदरा कामण्णा करणाऱ्याच्या घरचा हवा. आगही त्यानेच लावायची. आणि ज्या घरात वर्षात कुणी गेलं असेल, त्या घराने कामण्णाला हात लावायचा नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा संताजी फौजेत होता. बासष्टच्या नोव्हेंबरात उत्तरेकडच्या लढाईनंतर सरकारी तार आली. संताजी बेपत्ता, एवढंच. पुढे काही कळलं नाही. शेजारपाजारच्या बायका तोंड उतरवून यायच्या, तर त्याची आई सकवारबाई त्यांच्यापुढे अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवायची. "बसलीच आहेस तर सोल. कोण गेलंय इथे?" हळूहळू बायका यायच्या थांबल्या.

होळीला महिना असेल, तेव्हा गल्लीतले वडीलधारे रघुजी शेडमध्ये आले. मी तिथेच होतो. रघुजींनी आधी बांबूची चौकशी केली, मग उन्हाची, मग पुन्हा बांबूची.

"अण्णा, यंदा कामण्णा बसवंतकडे द्यावा म्हणतो," ते शेवटी म्हणाले. "तुम्हांला स्वल्प विश्रांती."

अण्णा बांबू फाडत राहिले. आतल्या दारातून सकवारबाई म्हणाली, "बसवंत? गेल्या साली त्यानं शिडी केली, तिच्यावर मांजरसुद्धा चढेना. यांचे हात मोडलेत का?"

"तसं नव्हे, अक्का. घरात यंदा..."

"घरात यंदा काय?"

रघुजी उठले. "सरी, सरी. तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

अण्णांनी कोयता खाली ठेवला. "त्याचं काय चुकलं, सकू? लोक विचारणारच."

"लोक विचारू देत. तुम्ही कामण्णा केला नाहीत तर तुम्ही मानलंत, असं होईल. बापानं मानलं म्हणजे संपलं. मी मानलेलं नाही."

अण्णांनी काय मानलं होतं ते मला कधी कळलं नाही. त्यांनी कामण्णा करायला घेतला. जावयाशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. छातीचे बांबू आले तेव्हा त्यांनी सळई तापवली आणि एकेक पेर भोसकायला लागले. भोक पडलेलं पेर फुटत नाही, हे मलाही माहीत होतं.

मी विचारलं, "अण्णा, मग आवाज?"

"आवाज नको. रेडिओवर गोळीबार म्हटलं तरी ती उठून आत जाते."

एवढं बोलून त्यांनी पुढचं पेर घेतलं. एकही शिल्लक ठेवलं नाही.

दरवर्षी कामण्णाला संताजीचा आखूड झालेला सदरा मिळायचा. यंदा सदऱ्याचं काय, हे विचारायची माझी छाती नव्हती. सकवारबाईनेच ट्रंक उघडली आणि अण्णांचा लग्नातला कोट काढून दिला.

"हा घाला. त्याचे कपडे त्याला लागतील आल्यावर."

अण्णांनी कोट हातात घेतला, खिसे चाचपले आणि माझ्याकडे दिला.

पौर्णिमेला दिवस मावळताना सगळे तळ्यावर जमले. एरवी कामण्णाच्या मिशीवरून, पोटावरून टवाळी चालायची. यंदा कुणी काही बोललं नाही. आयांनी पोरांना घरूनच दम देऊन आणलं होतं. हलगीवाला यल्लाप्पा हलगी शेकून काखेत धरून उभा होता. अण्णांनी पलिता लावला.

गवत पेटलं, कागद पेटला, कोट पेटला. आग छातीपर्यंत चढली तरी काही फुटलं नाही. पेरांच्या भोकांतून नुसती वाफ निघत होती. हलगी पहिल्या आवाजासाठी थांबली होती, तो आवाजच आला नाही. बोंब मारावी की नाही, लोकांना कळेना. आणि त्या घराचा विचार करून मारायचंही कुणाच्या मनात नव्हतं. शेकडो माणसं आगीकडे बघत गप्प उभी राहिली. मग रघुजींनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हात आपोआप गेला असावा. त्यांचं बघून शेजारच्याने काढली, मग आणखी दोघांनी.

मी अण्णांकडे पाहिलं. आपल्या हातून काय झालं, ते त्यांना कळलं होतं.

सकवारबाई बायकांतून पुढे आली.

"टोपी घाला, रघुजी. मसणात आलाय का? बोंब मारा. कामण्णा मेलाय."

रघुजींनी टोपी घातली, पण त्यांच्या तोंडून आवाज निघेना. कुणाच्याच निघेना. तेव्हा तिने स्वतः तोंडावर हात नेला. आमच्यात बायका बोंब मारत नाहीत. तिने मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात खाली आला, पण आवाज थांबला नाही. तो बोंबेचा आवाज राहिला नव्हता. तो कसला होता, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

अण्णा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तिला हात लावला नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ओरडा रे. यल्लाप्पा, वाजव. थांबू नका."

यल्लाप्पाने हलगी कडाडवली. आम्ही सगळे ओरडलो. घसे फुटेपर्यंत कामण्णा मेला म्हणून ओरडलो, म्हणजे त्या गोंगाटात तिला मोकळं रडता यावं. कामण्णाचे पाय वाकून तो खाली बसेपर्यंत अण्णांनी आम्हांला थांबू दिलं नाही.

पुढचं फार नाही. ती दोघं पुढे आणि मी मागे, असे आम्ही घरी आलो. इतर घरांत होळीचे निखारे आले, सकाळच्या आंघोळीचं पाणी तापवायला. सकवारबाई घरात शिरली नाही. अंगणातल्या नळाखाली घागर भरली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घेतली. एक, मग दुसरी. अण्णा उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी सदरा काढला आणि तेही येऊन तिच्या शेजारी बसले. तिने त्यांच्याही डोक्यावर पाणी घातलं.

"आजपासून त्याचं वर्ष धरा," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली आणि रिकामी घागर पुन्हा नळाखाली लावली.