पहिली पोळी

तूप कढवायला ठेवलं की मला इथला, अमेरिकेतल्या एडिसनमधला तो प्राण्यांचा दवाखाना आठवतो. आमचा लॅब्रॅडॉर धापा टाकत काट्यावर उभा होता आणि मोजून खायला देऊनही त्याचं वजन वाढलंच होतं. ‘‘याला आणखी कोण भरवतं?’’ डॉक्टरांनी विचारलं. पुण्याहून आलेल्या सासूबाई मला ठणकावून म्हणाल्या, ‘‘सांग, मी भरवते. पहिली पोळी गाईची. इथे गाय नाही, म्हणून याला, तूप लावून.’’ ‘‘आई, जिना चढवत नाही त्याला!’’ मी तिथेच ओरडले. ‘‘उपाशी मारतेस मुक्या जिवाला,’’ त्या म्हणाल्या आणि भारतात परत जाईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे डॉक्टरांचं ऐकून मी त्याला बारीक केलं. आता तूप कढायला लागलं की तो तुरुतुरु जिना चढतो आणि सासूबाईंच्या रिकाम्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.