हसण्याचे मार्क कापले जातील

चार माणसं एकत्र येऊन एखादी गोष्ट फार गंभीरपणे करायला लागली, की किस्से आपोआप साचत जातात. आमच्या फिल्म क्लबला पंधरा वर्षं झाली आणि गंभीरपणात आम्ही अजून कुणाला हार गेलेलो नाही. सचिव असल्यानं इतिवृत्त मी लिहितो. पण इतिवृत्तात जे लिहिता येत नाही तेच मला जास्त आठवतं, त्याला काय करणार!

क्लब म्हणजे गारखेड्यातल्या एका वाचनालयाच्या वरचा हॉल, साठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दर रविवारी सकाळी दहाला एक सिनेमा. अध्यक्ष तौर सर, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर पेपर तपासले, आता सिनेमे तपासतात. ते मार्क देत नाहीत, कापतात. प्रत्येक सिनेमा शंभरापासून सुरू होतो आणि सर पहिल्या रांगेत पॅड घेऊन त्याला खाली आणत बसतात. पंचाहत्तरच्या वर राहिला, तर पेंटर बोलावून त्याचं नाव भिंतीवरच्या ‘श्रेष्ठ चित्रपट’ या फलकावर रंगवलं जातं.

फलकावर आजवर तेवीस नावं चढली. आमचा प्रोजेक्टर सांभाळणारे रफीकभाई, ज्यांचं शहागंजात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, एकदा चहाचा कप हातात धरून ती यादी वरून खालपर्यंत वाचत उभे होते. वाचून झाल्यावर मला हळूच म्हणाले, "सेक्रेटरीसाब, इसमें कोई जिंदा बचा क्या? मेरे को तो सब के सब मय्यत दिखरे."

मी आठवून पाहिलं. एका सिनेमातला बैल वाचला होता.

* * *

याच रफीकभाईंच्या हातून एकदा घोटाळा झाला. सिनेमा दोन फायलींमध्ये होता आणि त्यांनी दुसरी आधी लावली. नायक मध्यंतरापर्यंत क्षयानं गेला आणि चहानंतर कॉलेजात नाटक बसवायला लागला. शेवटी त्याचं लग्न झालं, वरात निघाली, दिवे लागले.

हॉलमध्ये कुणाला काही खटकलं नाही. चर्चेत डॉक्टर बोरुडे उठले. हे पेशानं दातांचे डॉक्टर, पण त्यांना दातात कीड दिसणार नाही इतक्या लवकर सिनेमात प्रतीक दिसतं. मरणाकडून जगण्याकडे जाणारी ही उलटी रचना भारतीय सिनेमात प्रथमच आल्याचं त्यांनी सांगितलं. सरांना रचना आवडली होती, पण त्यांनी सुखान्ताचे वीस मार्क कापले होते. सिनेमा एकाहत्तरवर आला आणि फलक हुकला.

मग रफीकभाईंनी येऊन कबुली दिली. सरांनी पॅड पुन्हा उघडलं, म्हणजे नायक शेवटी मरतो ना, एवढं खात्रीनं विचारून घेतलं आणि कापलेले वीस मार्क परत केले. सिनेमा फलकावर गेला.

* * *

गेल्या वर्षी सहल काढली अजिंठ्याला. तारीख ठरवायला तीन बैठका झाल्या. सगळ्यांच्या सोयीनं सोमवार ठरला. लेणी सोमवारी बंद असतात, हे तीन बैठकांत अठरा माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मीही त्यातलाच, उगाच शहाणपणा करत नाही.

बंद फाटकापुढं आम्ही रांगेत उभे. बोरुडे म्हणाले, न दिसणारं चित्र मनात पाहणं हीच खरी रसिकता. सर म्हणाले, नियोजनाचे मार्क कापायला हवेत. आणि साळवेताई हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांना फाटकाला धरून उभं राहावं लागलं.

सुनंदा साळवे एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. आठ वर्षांपासून सभासद. आमच्याकडं वर्षातून एकदा चिठ्ठी टाकून एका सभासदाला आपल्या आवडीचा सिनेमा दाखवायला मिळतो आणि या वेळी चिठ्ठी त्यांची निघाली होती. फर्दापूरच्या हॉटेलात भजी येईपर्यंत त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी विनोदी सिनेमा दाखवणार हाय. आत्ता फाटकापुढं आपण होतो ना, तसा."

भजी आली, पण कुणी हात लावला नाही.

* * *

त्यावर कार्यकारिणीची बैठक बसली. सर अगदी मोकळ्या मनानं म्हणाले, "विनोदाला आपला विरोध नाही. फक्त तो सिनेमात असू नये."

त्यांचं म्हणणं साधं होतं. मोठा सिनेमा माणसाला हलवतो, आणि हसलेला माणूस हललेला नसतो, सुटलेला असतो. म्हणून त्यांनी नियमच केला. सिनेमा पाहताना त्यांना स्वतःला हसू आलं, की प्रत्येक हसण्यामागं एक मार्क कापणार. मी तो इतिवृत्तात घेतला. लिहिताना माझी मलाच लाज वाटली, पण घेतला.

साळवेताईंनाही बैठकीला बोलावलं होतं. त्या एकदाच बोलल्या. "सर, रडणं मी सहा दिवस वॉर्डात बघते. लई जवळून बघते. तिथंबी जी माणसं टिकतात ना, ती बारीकसारीक गोष्टीवर हसणारीच असतात. ते हसणं तुमच्या बोर्डावर एकदा तरी लागू द्या. नायतर रविवारी मी इथं कशाला येऊ? रडणं तर मला ड्युटीवर फुकटात मिळतंय."

सिनेमा फलकावर गेला नाही तर आपण सभासदत्व सोडणार, हेही त्यांनी सांगितलं. धमकी म्हणून नाही, रजेचा अर्ज सांगावा तसं. मला मनापासून वाईट वाटलं. आमच्या हॉलमध्ये सिनेमा संपल्यावर ‘आवडला’ एवढंच म्हणणारं ते एकमेव माणूस होतं.

* * *

सिनेमाच्या रविवारी हॉल भरला. मी बिडकीनच्या कंपनीतली रविवारची स्टॉकची मोजणी दुसऱ्याच्या गळ्यात मारून आलो होतो. सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं की हसायचं नाही. हसू साथीसारखं पसरतं, ते पहिल्या रांगेपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

गोष्ट एवढीशी. एक कारकून. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका मुलाकडं महिनाभर जातात आणि त्याला घराची किल्ली देतात. काम एकच, लाल जास्वंदाच्या कुंडीला पाणी घालायचं. सोबत दोन पानी सूचना. तो इतक्या इमानानं पाणी घालतो की आठवड्यात झाड कुजतं.

तो मेलेलं झाड रिक्षात घालून नर्सरीत नेतो. रिक्षावाला झाडाकडं पाहून मीटर न टाकता हळू चालवतो. नर्सरीवाला टोपी काढतो, कधी गेलं, विचारतो. इथं माझ्या तोंडात रुमाल होता. बोरुडे खुर्चीचा हात आवळून छताकडं पाहत होते. मागून रफीकभाईंचा आवाज आलाच, पण त्यांनी तो स्टूल सरकवल्यासारखा केला. पहिल्या रांगेतली सरांची पाठ ताठ होती. पेन मात्र मधूनमधून हलताना दिसायचं आणि प्रत्येक वेळी साळवेताई डोळे मिटून घ्यायच्या.

कारकून तसंच दुसरं झाड आणतो. बाई यायच्या आदल्या दिवशी त्याला फूल येतं. पिवळं!

बाई येतात. फुलाकडं पाहतात. त्याच्याकडं पाहतात. त्यांना कळलंय हे त्याला कळतं, आणि त्याला कळलंय हे बाईंना. मग त्या म्हणतात, "पाणी वेळेवर घातलेलं दिसतंय." चहा करतात. पुढच्या महिन्यात पुन्हा गावाला निघतात आणि किल्ली त्याच्याच हातात ठेवतात. संपला सिनेमा.

दिवे लागले तेव्हा मला अजून हसू येत होतं. कुणी कुणाला रागावलं नाही, कुणी मेलं नाही, एका माणसाची चूक दुसऱ्यानं मुकाट पोटात घातली, एवढंच. पण आपल्याला आयुष्यात कुणी अशी किल्ली परत दिली होती का, हे मी आठवत बसलो होतो. तेवीस नावांपैकी एकाही सिनेमानं मला हे विचारलं नव्हतं.

चर्चेला उभं राहून बोरुडेंनी कुंडी म्हणजे विस्थापित समाज असल्याचं सुरू केलं आणि मध्येच त्यांना नर्सरीवाल्याची टोपी आठवली. ते तसेच खाली बसले, खांदे हलत होते.

मग सर उठले. पॅडवरचा कागद काढून त्यांनी चष्मा नीट केला. साळवेताईंनी पर्स मांडीवर घेतली होती.

"हसू आलं, अकरा वेळा," सर म्हणाले. "नियमाप्रमाणं अकरा मार्क कापलेत."

आता गाडी उताराला लागणार हे आम्हाला माहीत होतं. सर नेहमी मोठ्या चुका शेवटाला वाचतात.

"आणि बाकीचे?" साळवेताईंनी बसूनच विचारलं.

सरांनी कागद वरून खालपर्यंत पाहिला. मग उलटला, मागची बाजूही पाहिली.

"बाकी कापायला काही सापडलं नाही," ते म्हणाले.