दिवसाला दहा सेकंद

खडकीजवळच्या एका लहानशा कंपनीत मी आठ वर्षं सर्किटं बनवत होते. हातात मावेल असं हजेरीचं मशीन आम्ही तयार करायचो. मुकादम ते घेऊन फिरायचा. कामगारानं अंगठा लावला की वेळेसकट नोंद व्हायची. त्यातल्या घड्याळाचा भाग माझ्याकडे होता.

हे घड्याळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा क्वार्ट्झचा स्फटिक आणि शेजारी एक चिप. स्फटिक सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. चिप तो आकडा पंधरा वेळा निम्मा करते आणि एक सेकंद मिळतो. मशीन बंद असलं तरी बटणाएवढ्या सेलवर ही मोजणी चालूच राहते. फक्त स्फटिकाला जोडलेले कपॅसिटर त्याला जुळणारे हवेत. नाहीतर घड्याळ थोडं पुढे किंवा मागे पडतं आणि ती चूक रोज साठत जाते.

एकदा खरेदीवाल्यांनी मला न विचारता वेगळ्या प्रकारचे स्फटिक आणले. कपॅसिटर जुनेच राहिले. चाचणीत मशीन दिवसाला दहा सेकंद पुढे जायला लागलं. मी साहेबांकडे गेले.

"तयार मशीनमधले सगळे कपॅसिटर बदलावे लागतील."

"दहा सेकंदांनी कोणाचं काय बिघडतं, मॅडम? आपण काय रॉकेट सोडतोय?"

"महिन्याला पाच मिनिटं होतात."

"मग महिन्यातून एकदा वेळ लावा, असं पुस्तिकेत लिहा."

मी लिहिलं. शेवटून दुसऱ्या पानावर, तळाला. राग आला होता, तरी लिहिलं मीच.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत झाडलोटीला एका कंत्राटदारामार्फत एक मावशी यायच्या, खडकवासल्याकडून पहिल्या बसनं. हजेरी सातला असायची. बाकीच्या बायका जवळपास राहणाऱ्या, त्या बऱ्याच आधी पोचायच्या. मावशींची बस सातच्या जेमतेम आधी टेकायची. माझ्या दारातल्या चपला त्या न सांगता जोडीनं लावून ठेवायच्या. यापलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं.

एका सकाळी मी ऑफिसला निघाले, तर त्या पार्किंगमध्ये कंत्राटदाराच्या मुकादमासमोर उभ्या होत्या.

"गेटातनं आत आले तवा सातला दोन कमी हुती."

मुकादमानं मशीन पुढे केलं. "इथं सात बारा दाखवतंय. रोजचा लेट मार्क आहे तुमचा. उद्यापासून येऊ नका, ऑफिसनं कळवलंय."

मशीन आमचंच होतं. त्याच्या हातात मी ते तीन महिने येता-जाता पाहत होते.

मी त्याला मोबाईल दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "माझ्याही मोबाईलवर वेगळीच वेळ दिसते हो. पण हजेरी मशीनची धरतात."

"मावशी, यातलं घड्याळ चुकतंय," मी म्हटलं. "ते मीच बनवलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठावं हुतं तुमाला?"

मी हो म्हटलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पिशवी उचलली.

त्याच दिवशी मी कंत्राटदाराला सगळं लिहून कळवलं. त्यानं फोन केला तो आमच्या साहेबांना. "ग्राहकाला आपलीच चूक लेखी देता?" साहेबांनी विचारलं. त्यापुढे दोन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीनची वेळ मात्र दुरुस्त झाली. मावशींच्या जुन्या नोंदी तशाच राहिल्या, कारण एकदा झालेली नोंद कोणाला बदलता येऊ नये अशी सोय आम्हीच केली होती. संध्याकाळी मशीन त्यांना चौदा मिनिटं लवकर सोडत होतं, त्याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडेही गेले. "आम्ही कंत्राटदाराच्या कामात पडत नाही," ते म्हणाले. "आपण तरी कशाला पडता?"

आठवडाभरात दुसरी बाई कामाला लागली.

काही महिन्यांनी मावशी मला स्वारगेटला दिसल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "कुठं काम मिळालं का?"

"मिळालं," त्या म्हणाल्या. कुठे ते सांगितलं नाही. त्यांची बस लागली होती. त्या चढल्या आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

मी त्या कंपनीत आणखी दोन वर्षं होते. तेच स्फटिक संपेपर्यंत वापरले गेले.