नाना आणि शून्य-एक-सात-सहा

टायपिंगच्या दुकानात रद्दी आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. रद्दी निदान किलोवर जाते, किस्से माझ्याकडेच पडून राहतात. म्हणून म्हटलं, आज थोडे तुमच्या गळ्यात मारावेत.

पारोळ्याला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. निम्मे किस्से नानांचे. नाना म्हणजे माझे टायपिस्ट, वय सत्तर. आधी तीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे.

*

कॉम्प्युटरवर पहिल्याच दिवशी मी त्यांना भागाकाराचं चिन्ह काढायला सांगितलं. टाइपरायटरवर ते नसायचं. आधी दोन टिंबं मारायची, एक घर मागे यायचं आणि तिथेच आडवी रेघ ठोकायची. नानांनी इथेही तेच केलं. दोन टिंबं, बॅकस्पेस, रेघ. स्क्रीनवर नुसती रेघ!

चारदा करून पाहिलं. मग म्हणाले, "ताई, हे मशीन मागे जाताना खाऊन टाकतं. माझं कधी खात नव्हतं."

*

मग मी त्यांना ऑल्ट दाबून आकडे मारायला शिकवलं. ऑल्ट धरून शून्य-एक-सात-सहा मारलं की अंशाचं टिकलीएवढं गोल उमटतं. नाना खूश. त्यांनी पन्नासेक चिन्हांचे आकडे पाठ केले आणि यादी भिंतीवर गणपतीच्या फोटोखाली चिकटवली.

बायकोचा मोबाइल नंबर मात्र अजून मला विचारतात. एकदा स्वतःच्या मोबाइलचं लॉक विसरले. समोरच्या गिऱ्हाइकानं भिंतीवरचा पहिला आकडा टाकून बघितला. उघडलं.

*

खेड्यावरचे एक आबा ऑनलाइन अर्ज भरायला आले. पासवर्डमध्ये एखादं चिन्ह लागतं, असं मी सांगितलं.

"ॐ टाक."

"आबा, ते चालत नाही."

"देवनं नाव चालत नही, मंग काय चालस?"

मी कीबोर्डवर #, @, & दाखवलं. आबांनी वाकून नीट बघितलं. "हाई तर गारामा कोंबडी चाली गयी असं दिखस." गारा म्हणजे आमच्याकडे चिखल.

शेवटी # वर तयार झाले, पण आधी एका कागदावर पेनानं ॐ काढला आणि कीबोर्डखाली सरकवला. अर्ज पहिल्या फटक्यात गेला, हे मी कबूल करते.

*

एकदा नाना लग्नाला गेले होते आणि भूगोलाचा पेपर मी टाइप केला. अंशाच्या जागी घाईत शून्य पडलं. पेपरात छापून आलं, 'मे महिन्यात जळगावचे तापमान ४५० सेल्सिअस असते.' पेपर तीन शाळांत गेला, एकाही मास्तराचा फोन आला नाही.

माझी नणंद जळगावची. तिला तो पेपर दाखवला तर म्हणाली, "सावलीतलं दिलंय वाटतं."

*

मागच्या वर्षी टेबलावर जागा व्हावी म्हणून मी छोटा कीबोर्ड आणला आणि जुना भंगारात दिला. नव्याला उजवीकडचे आकडेच नव्हते. त्या आकड्यांशिवाय नानांची चिन्हं निघत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नानांनी कीबोर्ड उलटापालटा करून बघितला. "मग आता माझं काय काम?" एवढंच म्हणाले आणि घरी गेले. दोन दिवस आले नाहीत. मला फार वाईट वाटत होतं, पण फोन करायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चाळीसगावच्या क्लासचे गणिताचे सर आले. पेपर चारला हवा, परीक्षा त्याच संध्याकाळी. मी माउसनं एकेक चिन्ह शोधत बसले. दोन वाजले, प्रश्न झाले पाच. शेवटी नानांच्या घरी गेले. म्हटलं, "नाना, तुमच्याशिवाय होत नाही."

नाना आले. कीबोर्डकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चिन्हांच्या जागा कोऱ्या सोड आणि प्रिंट काढ." मग खिशातलं काळं पेन काढलं. मशीनवर जमत नसे ते कोर्टाबाहेर तीस वर्षं त्यांनी असंच भरलं होतं. वर्गमूळ, कोन, अंश, सगळं ओळीत बसवलं. त्यावरून झेरॉक्स काढल्या आणि चारला गठ्ठा सरांच्या हातात दिला.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, चिन्हं काय सुंदर आली आहेत! आमच्याकडे अशी येत नाहीत. तेवढा फॉन्ट पेनड्राइव्हमध्ये द्याल का?"

मी नानांकडे बघितलं. नाना खुशीत आले की अहिराणीवर येतात. पेनाला टोपण लावत म्हणाले, "त्याले सांग, तो पेनड्राइव्हमा मावत नही. रोज दहा वाजता दुकानमा बसस."