मुशी, कोंबडी आणि माझं रक्त

आमच्या घाटकोपरच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि घाबरल्याचे किस्से जास्त! रिझल्ट मॅडम लिहून ठेवतात. किस्से कुणी लिहीत नाही, ते डबा खाताना आपोआप वाढत जातात.

आधी काम सांगतो. पेशीत नको असलेली प्रोटीनं कापणारं एक यंत्र असतं, प्रोटिआसोम. जबडा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजात त्याच्या तीन पात्यांच्या जनुकांच्या जादा प्रती तयार झाल्या. शरीरात जंतू शिरला की ही नवी पाती कामाला लागतात. कुठल्या प्राण्यात ती टिकली, कशी बदलली, हे आम्ही तिघं बघतो: मी, बोरिवलीची जॉयस आणि मालवणचा विनय. वर मॅडम. मॅडम कधीच ओरडत नाहीत. तीच तर भीती!

*

जॉयस वर्सोव्याहून मुशी आणायची, म्हणजे छोटा शार्क. एकदा कोळीणमावशीला म्हणाली, "मावशी, मला हिची जनुकं बघायचीत."

"जनुक काय बगतेस? गलफडं बग, ताजी हाय!"

मुशी ताजीच होती. पण रिझल्ट माणसाशी तंतोतंत जुळला! जॉयसचाच डीएनए ट्यूबमध्ये गेला होता. मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "ही मुशी बोरिवलीला राहते का गं?"

*

विनयकडे कोंबडी होती. सहा आठवडे झाले, नवी पाती सापडेनात. त्याने केमिकल बदलली, चार कोंबड्या बदलल्या, जेवण सोडलं. "माझी वाट लागली रे," एवढंच बोलायचा. शेवटी मॅडमच्या केबिनमध्ये गेला. "मॅडम, मला जमलं नाही. कोंबडीत ती जनुकं दिसतच नाहीत."

"नाहीतच. पक्ष्यांनी ती केव्हाच गमावली."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"घाबरून खोटा रिझल्ट आणतोस का, ते बघायचं होतं."

*

एका दुपारी मोठ्या फ्रीजरचा अलार्म वाजायला लागला. आत विनयचे सगळे नमुने. नेमका त्याच्या आईचा फोन चालू होता.

"काय वाजता रे थंय?"

"आये, माजी पीएचडी वाजता!"

*

तुलनेसाठी माणसाचा नमुना हवा होता. मी माझं रक्त दिलं. पंधरा दिवसांनी मॅडमनी मला आत बोलावून दार लावलं.

"एका पात्याच्या जनुकाच्या तुझ्याकडच्या दोन प्रतींपैकी एकीत बिघाड आहे. दुसरी नीट आहे, तुला काही होणार नाही." मग थांबून म्हणाल्या, "बायको नात्यातली आहे का रे?"

"मामाची मुलगी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

माझ्या बायकोला, मनालीला, सहावा महिना होता. नात्यामुळे तिच्यातही तोच बिघाड असला आणि बाळाला दोघांकडून आला, तर सारखा ताप, सुजलेली बोटं, आखडणारे सांधे. नाहूरच्या घरी ती भेंडी चिरत होती. मी सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली.

"जगेल ना?"

"जगेल. पण त्रास होईल."

तिने उरलेली भेंडी चिरून संपवली.

मॅडमनीच मुलुंडच्या डॉक्टरांशी बोलून तिची तपासणी करवली. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. त्या दहा दिवसांत आम्ही भाजी, गॅस, मामीचे गुडघे, सगळ्यावर बोललो. त्या एका गोष्टीवर नाही. मी माझी बोटं पुन्हा पुन्हा वळवून बघायचो.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मला पाकीट फाडवेना. मनालीने ते ओढून घेऊन फाडलं. आतल्या कागदावर डॉक्टरांनी पेनाने लिहिलं होतं, "दोन्ही प्रती नीट. काळजी नको."

मी तिथेच दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मनाली सावकाश, कमरेला हात लावत माझ्याशेजारी टेकली. तिने पोटावर हात ठेवला.

मग म्हणाली, "दहा दिवस मी त्याला हाक नाही मारली रे."